धूर साफ करणारा भागच इंजिनच्या जिवावर उठतो तेव्हा : टोयोटा एमआर२ आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची गोष्ट

दोन सीटची, छप्पर उघडणारी, जेमतेम हजार किलो वजनाची छोटी स्पोर्ट्स कार. बाहेरून चकाचक. ओडोमीटरवर एक लाख मैल, म्हणजे साधारण १ लाख ६० हजार किलोमीटर. विकणारा सांगतो, इंजिन एकदम स्मूथ आहे. सौदा ठरतो. काही महिन्यांत सायलेन्सरमधून निळसर धूर दिसायला लागतो, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि गॅरेजमधून निरोप येतो, "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय, आणि इंजिनचंही काम निघालंय."

टोयोटा एमआर२ या गाडीच्या तिसऱ्या पिढीत हा प्रकार इतक्यांच्या वाट्याला आला, की जुनी एमआर२ घेणाऱ्याला जाणकार सगळ्यात आधी याच गोष्टीबद्दल सावध करतात. प्रदूषण कमी करण्यासाठी बसवलेला एक भाग इंजिनच कसा संपवू शकतो? आणि खरा दोष त्या भागाचा असतो की इंजिनचा?

आधी थोडक्यात

- कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सहसा स्वतःहून खराब होत नाही. इंजिनमधून चुकीचं काहीतरी त्याच्यापर्यंत पोहोचतं, तेव्हा तो खराब होतो.
- इंजिन ऑइल जाळत असेल किंवा मिसिंग करत असेल, तर नवा कन्व्हर्टर बसवूनही तोही खराब होतो.
- एमआर२मध्ये तुटलेल्या कन्व्हर्टरचा चुरा उलटा इंजिनमध्ये खेचला जाऊ शकतो. त्यामुळे छोटं दुखणं थेट इंजिन बदलण्यापर्यंत जातं.
- डिपस्टिक काढून ऑइलची पातळी नियमित बघणं, हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नेमकं करतो काय?

पेट्रोल जळल्यावर इंजिनमधून तीन घातक गोष्टी बाहेर पडतात. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेल्या इंधनाचे अंश म्हणजे हायड्रोकार्बन, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये एक धातूचा डबा असतो. गॅरेजच्या भाषेत त्याला नुसतं 'कॅट' म्हणतात. आत चिनीमातीसारख्या सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आरपार बारीक छिद्रं असतात. या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो.

गरम धूर या छिद्रांमधून जाताना रासायनिक क्रिया होते. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोकार्बनचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून साधा नायट्रोजन मोकळा होतो. तीन प्रदूषकांवर एकाच वेळी काम होतं म्हणून याला 'थ्री-वे' कन्व्हर्टर म्हणतात.

पण त्यासाठी दोन अटी आहेत. पहिली अट तापमानाची. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याशिवाय कॅट नीट काम करत नाही. दुसरी अट हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाची. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणाच्या आसपास इंजिन चालत असेल, तरच तिन्ही क्रिया नीट होतात. हे प्रमाण सांभाळायला एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवलेले असतात आणि त्यांच्या माहितीवर गाडीचा संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो.

एमआर२मध्ये कॅट इंजिनला चिकटून का होता?

एमआर२ची तिसरी पिढी १९९९ मध्ये जपानमध्ये 'एमआर-एस' या नावाने आली. अमेरिकेत तिला 'एमआर२ स्पायडर' म्हणत. तिथे ती २००५ पर्यंत विकली गेली आणि जपानमध्ये तिचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. इंजिन पुढे नाही, तर चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या जरा पुढे. १.८ लिटरचं, सुमारे १४० अश्वशक्तीचं हे इंजिन '१झेडझेड-एफई' या नावाने ओळखलं जातं. गाडी हलकी असल्यामुळे एवढी ताकदही पुरून उरायची.

थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत सगळ्यात जास्त प्रदूषण होतं, कारण तोवर कॅट तापलेला नसतो. यावरचा सोपा उपाय म्हणजे कॅट इंजिनच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा. एमआर२मध्ये मुख्य कॅटखेरीज एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच दोन छोटे कॅट बसवले होते. त्यांना 'प्री-कॅट' म्हणतात. इंजिनच्या सिलिंडरमधून निघालेला धूर हातभर अंतरही न जाता थेट त्यांच्यावर आदळायचा. त्यामुळे ते लवकर तापायचे आणि धूर लवकर साफ व्हायला लागायचा.

प्रदूषणाच्या दृष्टीने ही रचना उत्तम होती. पण याच जवळिकीने पुढे घात केला.

आजाराची सुरुवात : पिस्टनच्या रिंगा

प्रत्येक पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन स्फोटाचा दाब अडवतात. सगळ्यात खालची ऑइल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. हे ऑइल परत खाली जाण्यासाठी पिस्टनला बारीक भोकं असतात.

१झेडझेड-एफई इंजिनच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या पिस्टनमध्ये ही वाट अपुरी होती. ऑइल रिंगेपाशी साचून राहायचं, उष्णतेने करपायचं आणि त्याचा कार्बन होऊन भोकं बुजायची. मग रिंग आपल्या खाचेत चिकटून बसायची. रिंग चिकटली की भिंतीवरचं ऑइल खरवडलं जात नाही. ते वर राहतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाड्यांमध्ये हे आणखी लवकर व्हायचं. टोयोटाने पुढच्या वर्षांतल्या इंजिनांत पिस्टनची रचना सुधारली. म्हणूनच जुनी एमआर२ घेताना ती कुठल्या वर्षाची आहे, हा प्रश्न आधी विचारला जातो.

या इंजिनमध्ये ऑइल मावतं साधारण ३.७ लिटर. म्हणजे एक लिटर कमी झालं तरी पाव भागाहून जास्त ऑइल गेलेलं असतं. आणि ऑइल कमी असल्याचा लाल दिवा पातळी बघून लागत नाही, ऑइलचा दाब पडल्यावर लागतो. तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

जळलेलं ऑइल कॅटचं काय करतं?

इंजिन ऑइलमध्ये झीज कमी करण्यासाठी जस्त आणि फॉस्फरस असलेली संयुगं मिसळलेली असतात. ऑइल जळतं तेव्हा हे पदार्थ धुराबरोबर कॅटपर्यंत येतात आणि छिद्रांच्या भिंतींवर काचेसारखा थर धरतात. खालचा प्लॅटिनम, पॅलेडियमचा थर जागेवर असतो, पण धूर त्याला स्पर्शच करू शकत नाही. यालाच तंत्रज्ञ 'कॅटला विषबाधा झाली' असं म्हणतात.

दुसरं नुकसान उष्णतेचं. न जळलेलं ऑइल किंवा पेट्रोल कॅटमध्ये पोहोचलं, तर ते तिथेच जळतं. मग त्या जागेचं तापमान बेसुमार वाढतं. सिरॅमिक उष्णता सोसतं, पण एका जागी खूप गरम आणि शेजारी त्यामानाने थंड अशी स्थिती पुन्हा पुन्हा आली की त्याला तडे जातात. त्यात इंजिनची सततची थरथर. प्री-कॅटचा ठोकळा आधी भेगाळतो, मग कडेने झिजतो आणि शेवटी त्याचा चुरा व्हायला लागतो.

चुरा उलटा इंजिनमध्ये कसा जातो?

एक्झॉस्टमधला धूर बाहेर जातो, तर चुराही बाहेरच जायला हवा. मग तो मागे कसा फिरतो?

याचं उत्तर इंजिनच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बंद होण्याआधीच हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडायला लागतो. क्षणभर दोन्ही उघडे असतात. याला ओव्हरलॅप म्हणतात. एमआर२च्या इंजिनमध्ये टोयोटाची व्हीव्हीटी-आय यंत्रणा आहे. ती गरजेप्रमाणे हा ओव्हरलॅप वाढवते, जेणेकरून थोडा धूर मुद्दाम सिलिंडरमध्ये राहावा आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी व्हावीत.

आता चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेची वाट जवळपास बंद होते आणि आत जोरदार ओढ तयार होते. अशा वेळी दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतील, तर एक्झॉस्टमधला थोडा धूर उलटा सिलिंडरमध्ये खेचला जातो. बहुतेक गाड्यांमध्ये याने काही बिघडत नाही, कारण कॅट लांब असतो. एमआर२मध्ये मात्र प्री-कॅट अगदी तोंडाशी असतात. ठोकळा चुरत असेल तर त्याची पूड धुराबरोबर आत येते.

सिरॅमिकची ही पूड पॉलिश पेपरवरच्या कणांसारखी कठीण असते. पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतो, आणि हे कण पिस्टन व भिंतीच्या मध्ये सापडले की लायनरवर उभे ओरखडे पडतात. ओरखड्यांमध्ये ऑइल साचतं, आणखी ऑइल जळतं, उरलेला प्री-कॅट आणखी चुरतो आणि आणखी पूड आत येते. हे चक्र एकदा सुरू झालं की इंजिन वाचवणं अवघड होतं. लायनर पातळ असल्याने बोअर मोठा करून नवे पिस्टन टाकण्याचा नेहमीचा मार्गही इथे सोपा नाही. म्हणून अनेक मालकांनी सरळ दुसरं इंजिन बसवलं.

आधी कोण बिघडलं, इंजिन की कॅट?

एमआर२च्या मालकांमध्ये हा वाद अनेक वर्षं चालू आहे. एका बाजूचं म्हणणं, प्री-कॅटची जागाच चुकली, तो फुटला आणि त्याने इंजिन खाल्लं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, रिंगा आधी चिकटल्या, ऑइल जळायला लागलं आणि त्यामुळे प्री-कॅट फुटला.

एक गोष्ट दुसऱ्या बाजूला वजन देते. याच कुळातलं इंजिन टोयोटाच्या कोरोला आणि सेलिका जीटी या गाड्यांमध्येही होतं आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या त्या गाड्यांबद्दलही ऑइल खाण्याची तक्रार होती. म्हणजे ऑइल जळण्याचं मूळ इंजिनमध्ये होतं. एमआर२च्या प्री-कॅटनं त्या दुखण्याला जीवघेणं वळण दिलं.

व्यवहारात या वादापेक्षा त्यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. ऑइल जाळणाऱ्या इंजिनला नुसता नवा कॅट बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी टाकणं. आणि रिंगा दुरुस्त करून चुरणारा प्री-कॅट तसाच ठेवणं म्हणजे नव्या रिंगांनाही त्याच पुडीच्या तोंडी देणं. काम दोन्हीकडे करावं लागतं.

आरएक्स-८ची वेगळी वाट, शेवट तोच

माझदाच्या आरएक्स-८ या स्पोर्ट्स कारमध्ये पिस्टनच नाहीत. २००३ ते २०१२ या काळात बनलेल्या या गाडीत दोन त्रिकोणी रोटर फिरतात. १३०८ सीसीचं हे रोटरी इंजिन सील ओले ठेवण्यासाठी थोडं ऑइल मुद्दामच जाळतं. त्यामुळे कॅटवर आधीच भार असतो.

पण इथला नेहमीचा अपराधी म्हणजे इग्निशन कॉइल. कॉइल जुन्या झाल्या की ठिणगी कमजोर पडते, सगळं पेट्रोल जळत नाही आणि ते थेट कॅटमध्ये जाऊन पेटतं. सिरॅमिक वितळून छिद्रं बुजतात. धुराला बाहेर जायला वाट उरत नाही, एक्झॉस्टचा दाब आणि उष्णता इंजिनकडे परततात, आणि ती उष्णता रोटरच्या सीलना सोसत नाही. म्हणजे स्वस्तातली कॉइल वेळेवर न बदलल्याने महागडा कॅट जातो आणि पाठोपाठ इंजिन. या इंजिनांच्या तक्रारी वाढल्यावर माझदाने अमेरिकेत इंजिनच्या मूळ भागावरची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती.

कोणती लक्षणं दिसली की सावध व्हावं?

- निळसर धूर : विशेषतः उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला, तर ऑइल जळतंय.
- पिकअप कमी होणं : कमी वेगात गाडी ठीक, पण इंजिन वरच्या आरपीएमला जात नाही. कॅट तुंबल्याचं हे ठळक लक्षण.
- खडखडाट : गाडी सुरू करताना किंवा कॅटच्या डब्यावर रबरी हातोडीने हलकं ठोकल्यावर आतून खुळखुळ ऐकू आली, तर ठोकळा तुटलेला असतो.
- सडक्या अंड्याचा वास : इंजिनला पेट्रोल जास्त मिळत असल्याचा किंवा कॅट नीट काम करत नसल्याचा इशारा.
- इंजिनचा पिवळा दिवा : दिवा स्थिर असेल तर लवकर तपासणी करावी. दिवा लुकलुकत असेल, तर इंजिन इतकं मिसिंग करतंय की कॅटचं नुकसान होऊ शकतं. अशा वेळी गाडी दामटू नये, वेग कमी करून सुरक्षित जागी थांबवावी.

स्कॅनरवर 'पी ०४२०' हा कोड आला की अनेक गॅरेजमध्ये लगेच कॅट बदलायला सांगतात. हा कोड एवढंच सांगतो की कॅटची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली आहे. ती का गेली, हे तो सांगत नाही. कॅटच्या नंतरचा सेन्सर बिघडलेला असेल किंवा एक्झॉस्टला गळती असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. म्हणून आधी मिसिंगचे कोड, ऑइलचा खप, गळती आणि एक्झॉस्टमधला दाब तपासायला हवा.

जुनी एमआर२ घेताना काय बघतात?

एमआर२मध्ये एक सोय आहे. दोन ऑक्सिजन सेन्सर मॅनिफोल्डमध्येच, प्री-कॅटच्या तोंडाशी बसवलेले असतात. इंजिन पूर्ण थंड असताना ते सोडवले, की त्या भोकातून टॉर्च आणि छोटा आरसा किंवा बारीक कॅमेरा घालून प्री-कॅटचा वरचा भाग बघता येतो. छिद्रं सलग, कडा धड असतील तर ठीक. खड्डे पडलेले दिसले किंवा जागाच रिकामी दिसली, तर तो चुरा कुठे गेला हा प्रश्न विचारायलाच हवा.

त्याबरोबर सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासतात, ऑइलची पातळी आणि रंग बघतात, ऑइल बदलल्याची बिलं मागतात. गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवून मागचा धूर बघणंही गरजेचं.

प्री-कॅट काढून टाकला तर?

एमआर२चे अनेक मालक हेच करतात. काही जण प्री-कॅट आतून पोकळ करतात, तर काही प्री-कॅट नसलेला वेगळा मॅनिफोल्ड बसवतात आणि मुख्य कॅट तसाच ठेवतात. इंजिनमध्ये चुरा जाण्याचा धोका यामुळे टळतो, पण रिंगा चिकटण्याचं दुखणं जात नाही. शिवाय थंड इंजिनचा धूर साफ होत नाही. कायद्याचाही प्रश्न आहे. अमेरिकेत 'क्लीन एअर ॲक्ट'नुसार गाडीतली प्रदूषण नियंत्रणाची साधनं काढणं बेकायदा आहे. भारतातही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत.

भारतातल्या गाड्यांसाठी यातून काय घ्यायचं?

भारतात एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच वेळी या शहरांत शिसंविरहित पेट्रोल मिळायला लागलं, कारण पेट्रोलमधलं शिसं कॅट निकामी करतं. २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. आज प्रत्येक नव्या पेट्रोल कारमध्ये कॅट असतो, आणि अनेक नव्या गाड्यांत तो एमआर२च्या प्री-कॅटसारखाच इंजिनला अगदी लागून बसवलेला असतो.

म्हणून एक लाख किलोमीटर ओलांडलेल्या साध्या हॅचबॅकलाही हाच नियम लागू पडतो. मिसिंग करणारी गाडी 'चालतेय तोवर चालवू' म्हणून पळवली, तर स्पार्क प्लग किंवा कॉइलच्या खर्चाऐवजी कॅटचा खर्च अंगावर येतो. भेसळयुक्त पेट्रोलनेही इंधन नीट जळत नाही आणि भार कॅटवर पडतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पेट्रोलमध्ये क्लीनर टाकून कॅट दुरुस्त होतो का?*
इंधनाच्या वाटेवरची थोडी काजळी त्याने कमी होऊ शकते. वितळलेलं किंवा तुटलेलं सिरॅमिक आणि फॉस्फरसचा थर कुठल्याही बाटलीने निघत नाही.

*ऑइल थोडं जळणं चालतं का?*
थोडा खप बहुतेक इंजिनांत असतो. पण आधी कमी असलेला खप वाढत चालला, तर ते रिंगांचं किंवा व्हॉल्व्ह सीलचं दुखणं समजावं.

*तुंबलेल्या कॅटसह गाडी चालवली तर?*
इंजिन तापतं, पेट्रोल जास्त लागतं आणि कॅट लालबुंद होऊ शकतो. अशी गाडी सुक्या गवतावर उभी केली, तर आग लागण्याचा धोका असतो.

*किती दिवसांनी ऑइल बघावं?*
जास्त चाललेल्या गाडीत दर दोन वेळा पेट्रोल भरताना. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबावं, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघावी आणि पातळी तारखेसह लिहून ठेवावी. एमआर२च्या ज्या मालकांनी ही सवय लावली, त्यांना खप वाढलेला वेळीच कळला आणि प्री-कॅट शाबूत असतानाच इंजिनचं काम करून घेता आलं.